दोन नंबरचं इंजिन : एका पावसाळ्याच्या नोंदी

१२ जून २०२४, बुधवार, रात्रपाळी

संध्याकाळी मुंबईत उतरताना दोन नंबरच्या इंजिनात पक्षी गेला. विमान ७३७-८००, इंजिन सीएफएम५६-७बी. दोन नंबर म्हणजे उजवं. पायलटच्या खुर्चीत बसल्यासारखं डावीकडून मोजायचं.

पंख्याची २४ पाती हाताने चाचपली, एकेक. वाक नाही, चरा नाही. पण पंख्यामागे बूस्टरच्या (गाभ्यात जाणारी हवा आधी दाबणारा भाग) तोंडाशी वाळलेलं रक्त आणि एक तपकिरी पीस चिकटलेलं. घार असावी. पीस चिमट्याने उचलून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, सेफ्टीवाल्यांना द्यायला. माझ्या हाताखालचा पोरगा म्हणाला, फ्लेमिंगो नाही ना सर? मे महिन्यात घाटकोपरला विमानाच्या धडकेने जवळपास चाळीस फ्लेमिंगो मेले, तेव्हापासून पक्षी म्हटलं की सगळ्यांना तेच आठवतं.

पक्षी बाहेरच्या बाजूने, बायपासमधून निघून गेला असता तर पंखा पाहून काम संपलं असतं. पीस आतल्या वाटेवर सापडलं, म्हणजे गाभ्यात काहीतरी गेलंय. म्हणजे बोअरस्कोप.

आई शेजारच्या काकूंना सांगते, ‘हा विमानाला दुर्बीण घालतो.’ लोकांना माझं काम समजावताना मी पंधरा मिनिटं घेतो आणि शेवटी त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं की आईचं वाक्य पुरेसं होतं. बोअरस्कोप हे नाव बंदुकांवरून आलं. नळीचं आतलं भोक म्हणजे बोअर, ते तपासायचं साधन. आपल्याकडे बंदूक सोडून सगळं आहे: नळीसारखी लवचीक प्रोब, तिच्या टोकाला कॅमेरा आणि दिवा, हातात छोटी जॉयस्टिक. टोक चारही दिशांना वळतं.

पण आधी थांबायचं. इंजिन नुकतंच बंद झालंय आणि प्रोबच्या टोकाला ८० ते १०० अंशांपलीकडे सोसवत नाही. घाई करून लाखोंची प्रोब भाजलेली मी एकदा पाहिली आहे (माझी नव्हती). तोवर सर्किट ब्रेकर ओढून, कुणी परत दाबू नये म्हणून त्यांना कॉलर लावल्या, कॉकपिटमध्ये लाल टॅग टांगले, काऊल (इंजिनाची बाहेरची झाकणं) पूर्ण उघडले. बोअरस्कोपच्या छिद्रांचे प्लग एकेक काढून नंबर घातलेल्या ट्रेमध्ये ठेवले. गिअरबॉक्सवरचं ड्राइव्हचं झाकण काढून तिथे फिरवायची मोटर बसवली. एन-टू, म्हणजे आतला हाय प्रेशरचा रोटर, या ड्राइव्हमधून हळूहळू फिरतो. मी प्रोब धरून बसतो, तो पाती माझ्यासमोरून नेतो.

झाकण ट्रेमध्ये ठेवलं ते वहीत वेगळं लिहिलं. सवय आहे. कारण पुढे कधीतरी लिहीन.

१३ जून, पहाटे

कॉम्प्रेसरचे, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागाचे, नऊ टप्पे; एक टप्पा म्हणजे पात्यांचं एक चक्र. एका छिद्रातून पुढे वळलं की एका टप्प्याची मागची कड दिसते, मागे वळलं की त्याच्या मागच्या टप्प्याची पुढची कड. पहिल्या तीन टप्प्यांत पक्ष्याचे डाग आहेत, जळकट, तपकिरी, पुसून टाकावेसे वाटणारे. इजा नाही. चौथ्या टप्प्यात १७ व्या पात्यावर खाच.

पुढच्या कडेवर, टोकापासून सुमारे एक तृतीयांश उंची खाली. छोटी, व्ही आकाराची.

हे घारीचं काम नाही. पक्षी मऊ असतो. तो पातं वाकवतो, कड दुमडतो, रक्त सोडतो. धारदार खाच हे कठीण वस्तूचं काम: धावपट्टीवरची खडी, एखादा स्क्रू, बाहेर पडलेला रिव्हेट. आणि ही आजची नाही. ताज्या खाचेचा तळ चकाकतो, हिचा तळ कॉम्प्रेसरच्या बाकी धातूइतकाच मळकट आहे.

मग मागच्या तपासणीचा कागद काढला. चौथा टप्पा: दोष नाही. खाली सही माझी.

त्या वेळचा व्हिडिओ सर्व्हरवर होता. पहाटे साडेतीनला तो लावून बसलो. १७ वं पातं येतं, नेमकं त्याच क्षणी कडेवर दिव्याची चकाकी पडते, आणि पुढचं पातं येतं. चकाकी गेली असती तर दिसली असती का खाच? मला वाटतं दिसली असती. त्या दिवशी मी टोक दोन अंश वळवायला हवं होतं. वळवलं नाही. खाच तेव्हा होती की नंतर आली हे त्या फ्रेमवरून सिद्ध होत नाही. पण मला माहीत आहे माझा कल कुठे आहे, आणि सकाळच्या अहवालात मी तो तसाच लिहिला.

मोजमाप. आमच्या प्रोबवर स्टिरिओ टिप चढवली की दोन भिंगांतून एकाच जागेची दोन चित्रं येतात, आपल्या दोन डोळ्यांसारखी. दोन्ही चित्रांत तोच बिंदू टिपला की यंत्र खोली काढतं. ऐकायला सोपं. पहिलं माप ०.४७ मिलिमीटर, दुसरं ०.६१, तिसरं ०.५२.

पोराने विचारलं, ‘सर, ०.४७ लिहू?’

लबाडी म्हणून नाही विचारलं त्याने. मर्यादेच्या आत तिन्ही होती, मग सगळ्यात सुखाचा आकडा घ्यावा असं वाटणं साहजिक आहे. मी विचारलं, तीन आकडे आले, त्यातला खरा कोणता हे तुला कसं कळलं? तो गप्प. मग आम्ही तिन्ही चित्रं शेजारी ठेवली. ०.६१ च्या वेळी प्रोब लांब होती आणि पातं तिरकं. कडेवर टिपलेला बिंदू दुसऱ्या चित्रात किंचित घसरला होता. ०.४७ च्या वेळी खाचेचा तळ सावलीत होता, म्हणजे आम्ही तळ टिपलाच नव्हता, तळाच्या जरा वर थांबलो होतो. दोन्ही टाकाऊ. प्रोब पुन्हा घातली, जवळ नेली, पातं शक्य तितकं सरळ समोर घेतलं. ०.५३, ०.५४, ०.५३. लिहिलं ०.५४.

अर्धा मिलिमीटर म्हणजे पाचेक कागद एकावर एक. पण हा रोटर शंभर टक्क्यांवर मिनिटाला १४,४६० फेऱ्या मारतो, सेकंदाला जवळपास २४०. त्या वेगात प्रत्येक पातं बाहेर ओढलं जातं आणि शिवाय थरथरतं. खाचेच्या टोकाशी ताण गोळा होतो. तिथून तडा निघाला आणि पातं तुटलं, तर त्याचा तुकडा मागच्या पाच टप्प्यांतून जाणार आहे. म्हणून मॅन्युअलमध्ये खाच किती खोल, कडेवर कुठल्या उंचीला, शेजारच्या खाचेपासून किती दूर, याचे तक्ते आहेत आणि त्यांच्याशी वाद घालायचा नसतो.

प्लग बसवले, लॉकवायर, टॉर्क. ड्राइव्हचं झाकण. इंजिन चालवून गळती पाहिली. पावणेसातला विमान सोडलं.

२० जून

इंजिनीअरिंगने ठरवलं: खाच मर्यादेत, पण ठरावीक तासांनी पुन्हा पाहायची. दोन नंबरच्या फाईलवर पिवळी पट्टी लागली.

२९ जून, शनिवार

टी-ट्वेंटी वर्ल्ड कपच्या फायनलची रात्र. आम्ही हँगरमध्ये. मोबाइल लॉकरमध्ये, कारण इंजिनजवळ खिसे रिकामे हवेत; पण हँगरच्या दारातून साडेअकराच्या सुमारास जो आवाज आला त्यावरून बार्बाडोसमध्ये काय झालं ते कळायला स्कोअर लागला नाही.

मला बोलावलं ते दुसऱ्याच गडबडीसाठी. परवा दुसऱ्या पाळीच्या सहकाऱ्याने ठरलेली तपासणी केली. त्याचा अहवाल: १७ वं पातं स्वच्छ, ५२ व्या पात्यावर नवी खाच, ०.५५.

कंट्रोलरूममध्ये खळबळ. जुनी खाच गायब, नवी खाच हजर. एकजण म्हणाला इंजिन बदललंय का बघा, दुसरा म्हणाला आधीचं मोजणाऱ्याला बघा. दुसऱ्याचा रोख आमच्यावर. मी सहकाऱ्याला फोन केला, तो झोपेतून उठून म्हणाला, ‘अरे, मी पुढून पाहत मोजलं.’ मी मागून.

चौथ्या टप्प्यात पाती डिस्कच्या गोल खाचेत एकामागून एक सरकवून बसवलेली असतात आणि शेवटी एका जागी कुलूप लावलेलं असतं. मोजणी त्या कुलपापासून. पाती ६८. एका दिशेने मोजली तर १७ वं, उलट दिशेने मोजली तर तेच पातं ५२ वं. आजोबा देवळात प्रदक्षिणा उलट घालू नये म्हणायचे, त्याला कारण असावं.

पुन्हा आत पाहिलं, दोन्ही व्हिडिओ शेजारी लावले. खाचेच्या वरच्या ओठावर एक बारीक ओरखडा आहे, तो दोन्हीकडे तसाच. तीच खाच. अहवालाच्या साच्यात एक ओळ वाढवून घेतली: मोजणीची दिशा, मागून पुढे पाहताना, घड्याळाप्रमाणे. पोराला बजावलं की ही ओळ रिकामी असलेला अहवाल माझ्यापुढे आणायचा नाही.

मॅच जिंकल्याचे पेढे मग आले.

२ जुलै

बाबांची एंडोस्कोपी, डोंबिवलीत. चार महिने जळजळ, ऐकत नव्हते. डॉक्टरांच्या नळीवर ऑलिंपस लिहिलेलं दिसलं आणि मी नको तेवढा मोकळा झालो: आमच्याकडेही याच कंपनीची आहे, फक्त आमचा पेशंट हलत नाही. डॉक्टर म्हणाले, ‘माझा पेशंट निदान सांगतो तरी कुठे दुखतंय.’ सहा मिनिटांत संपवलं. किंचित सूज, गोळ्या, चहा बंद. बाबा म्हणाले, तुझं विमान बरं, त्याला कुणी चहा बंद कर म्हणत नाही.

८ जुलै, सोमवार

रात्री एकपासून जो कोसळला तो सकाळपर्यंत. सहा तासांत काही भागांत ३०० मिलिमीटरच्या वर. सेंट्रल बंद. पाळी संपली तरी कुर्ल्याला जाऊन उभं राहण्यात अर्थ नव्हता. कँटीनमध्ये उसळपाव, विश्रांतीच्या खोलीत दोन खुर्च्या जोडून झोप. आता दुपारी हे लिहितोय.

रात्रीचं काम मात्र नीट लिहायला हवं. दोन नंबरची गरम बाजू तपासायची मुदत आली होती: दहनकक्ष आणि हाय प्रेशर टर्बाइन. पक्ष्याशी किंवा खाचेशी त्याचा संबंध नाही.

आधी इग्नाइटर, म्हणजे ठिणगी पाडणारा प्लग, काढायचा. वीज तोडली तरी इग्निशनच्या डब्यात भार साठून राहतो आणि तो माणसाला मारू शकतो, म्हणून ठरलेली मिनिटं घड्याळ लावून थांबायचं. मग त्याच भोकातून प्रोब आत.

आत शिरलं की पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण गप्प होतो. पोरगाही झाला. गोल दालान, भिंतीवर रांगेत हवेची छिद्रं, डोक्याशी इंधनाचे २० नोझल, सगळं राखाडी-तांबूस, भट्टी विझल्यावर आव्यात डोकावल्यासारखं. इथली ज्वाळा पात्यांचा धातू वितळवेल इतकी तापते. कॉकपिटमध्ये ईजीटी, म्हणजे बाहेर जाणाऱ्या गॅसचं तापमान, दिसतं त्याची लाल रेषा ९५० अंशांवर आहे, आणि तेही बरंच मागे, गॅस टर्बाइनला ऊर्जा देऊन निवल्यावर मोजलेलं. टर्बाइनची पाती टिकतात ती आतून थंड हवा वाहते म्हणून. कॉम्प्रेसरमधूनच घेतलेली हवा पात्याच्या पोटातून जाते आणि कडेवरच्या बारीक छिद्रांतून बाहेर येऊन पात्यावर पांघरूण घालते. छिद्रं बुजली की त्या जागी पांघरूण नाही. आमच्याकडे ती बुजतात: उत्तरेची धूळ, आखाताची वाळू. धूळ आत वितळते आणि काचेसारखी चिकटून बसते. त्यात मुंबईसारख्या समुद्राकाठच्या तळावर मीठ, आणि इंधनातलं गंधक. दोन्ही मिळून पात्यावरच्या संरक्षक लेपाखालचा धातू खातात.

पाती ८०. प्रत्येकाची पुढची कड, टोक, पोट, पाठ, मागची कड, मूळ. एकावर अर्धं मिनिट धरलं तरी एका बाजूला चाळीस मिनिटं, आणि बाजू दोन. ३१ व्या पात्याच्या टोकाशी लेप उडालाय, पुढच्या कडेची तीन छिद्रं बुजलेली, आणि त्यांच्यामधून एक बारीक रेघ. रेघ म्हणजे तडा की काजळीचा ओघळ? दिवा कमी केला, बाजू बदलली. ओघळ असता तर दिवा फिरवल्यावर फिका पडला असता. ही काळीच राहिली. लांबी ०.९ मिलिमीटर. मर्यादेत, पण पुढची तपासणी लवकर, फार लवकर.

४६ व्या पात्यावर कंट्रोलचा फोन आला, लँडलाइनवर, दुसऱ्याच विमानाचं काहीतरी. तीन मिनिटं बोललो. परत आल्यावर पोराने विचारलं, ४७ पासून? म्हटलं, शून्यापासून. तो काही बोलला नाही, पण मोटरचं बटण ज्या जोरात दाबलं त्यावरून मत कळलं. मोटर बिनचूक मोजते हे मलाही माहीत आहे. ४५ व्या आणि ४६ व्या पात्यावर मी खरोखर काय पाहिलं होतं, ते मोटरला माहीत नाही.

मग चहाच्या वेळी त्याला ती गोष्ट सांगितली. २३ फेब्रुवारी १९९५, ब्रिटन. ईस्ट मिडलंड्सहून लँझारोटेला निघालेलं ७३७-४००. इंजिनं सीएफएम५६-३, आमच्याच इंजिनाचा थोरला भाऊ. आदल्या रात्री दोन्ही इंजिनांची बोअरस्कोप तपासणी झालेली. उड्डाणानंतर दोन्हींचं तेल उतरायला लागलं, जवळजवळ सगळं गेलं. ल्यूटनला उतरवलं म्हणून सगळे वाचले. कारण? रोटर फिरवायला काढलेलं गिअरबॉक्सवरचं झाकण दोन्ही इंजिनांवर परत बसवलंच नव्हतं. एकाने काम सुरू केलं, दुसऱ्याने पुढे घेतलं, निरोप तोंडी, माणसं कमी, मध्ये व्यत्यय, आणि शेवटी इंजिन चालवून गळती पाहायची ती पाहिली नाही. माणसं अनुभवी होती.

पोराने विचारलं, ‘दोन्ही? एकाच माणसाने दोन्ही?’

त्याने नेमक्या जागी बोट ठेवलं. म्हणूनच आता एकाच पाळीत एकाच माणसाने दोन्ही इंजिनांवर तेच काम करायचं नाही. आणि म्हणून माझ्या वहीत झाकणासाठी वेगळी ओळ.

स्टोअरचे काका रात्रभर पंप लावून त्यांच्या दारातलं पाणी उपसत होते. टॉर्क रेंच मागायला गेलो तर म्हणाले, आधी पाय पूस.

१९ जुलै, शुक्रवार

दुपारी कॉम्प्युटर जगभर बंद पडले. टर्मिनलमध्ये बोर्डिंग पास हाताने लिहून देत होते. विमानं उशिरा, म्हणून आमच्याकडे दोन नंबरला अचानक मोकळा वेळ, म्हणून खाच आणि ३१ वं पातं दोन्ही आजच पाहून घ्या.

आज माझ्या हातून प्रोब चिरडली गेली. जसं घडलं तसं लिहितो.

चौथा टप्पा. खाचेची मागची बाजू पाहायची हौस मला होती. टास्क कार्डात ती मागितलेली नव्हती. त्यासाठी टोक दोन पात्यांच्या फटीतून पलीकडे नेलं. बाहेर पावसाचा पत्र्यावर ताशा, शेजारच्या बेमध्ये रिव्हेट गन. पोराने विचारलं, ‘फिरवू?’ मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं, ‘अंहं.’

त्याला ऐकू आलं, ‘हं.’

रोटर अर्ध्या पात्याइतका फिरला असेल. स्क्रीन तिरकी झाली आणि माझ्या बोटांत नळी ताणली गेली. ‘थांब’ म्हणेपर्यंत त्यानेच थांबवलं होतं, त्याला मोटरचा आवाज बदललेला कळला. मग मोटर काढून हाताने, उलट्या दिशेने, केसभर. नळी सुटली. बाहेर आली तेव्हा टोकामागे दोन बोटांवर धातूची विणीव जाळी फाटलेली.

पहिला प्रश्न: आत काय राहिलं? जाळीच्या तुटलेल्या तारा भिंगाखाली धरून टोकाला टोक जुळवली. एक तार जुळत नव्हती. दुसरी प्रोब मागवून तासभर शोधली आणि शेवटी ती माझ्या हातमोज्यात सापडली. मग ज्या दोन पात्यांत नळी अडकली त्यांच्या कडा तपासल्या. काही नाही.

रिपोर्ट मी लिहिला, माझ्या नावाने. पोरगा म्हणत होता, चूक माझी, मी नीट ऐकलं नाही. अरे, ‘हं’ आणि ‘अंहं’ यांत फरक किती, नाकातल्या हवेचा. घरात चालतं. आई विचारते अजून भात, मी अंहं म्हणतो, ती वाढते. इंजिनापाशी असा शब्द वापरणारा मूर्ख मीच. आजपासून दोनच शब्द: ‘फिरव’ आणि ‘थांब’. ऐकणाऱ्याने तो शब्द परत उच्चारल्याशिवाय बटणाला हात नाही. आणि टोक पात्यांच्या वाटेत असेल तर मोटरचं बटण फिरवणाऱ्याच्या हातात नाहीच, टेबलावर.

वरून कुणी ओरडलं नाही. दुरुस्तीचा अंदाज काही लाखांत आहे एवढं फक्त कळवलं, ते ओरडण्यापेक्षा वाईट.

२० जुलै

उधारीच्या प्रोबने काम पुरं केलं. खाच ०.५४, जशीच्या तशी. ३१ वं पातं: रेघ १.३.

२ ऑगस्ट, पहाटे

३१ व्या पात्याची रेघ आता छिद्रांच्या ओळीतून बाहेर पडून टोकाच्या कडेला मिळाली आहे. टोकाचा कोपरा जळून गोल झालाय. शेजारच्या ३२ व्यावरही लेप उडू लागलाय. चार वेळा मोजलं, दोन वेगळ्या भोकांतून. मर्यादेबाहेर. थोडं नाही, स्पष्ट.

३.४० ला कंट्रोलला कळवलं. तिकडून पहिला प्रश्न: ‘सहाची फ्लाइट आहे, माहीत आहे ना?’ माहीत होतं. दुसरा: ‘परत एकदा मोजता का?’ तोही रास्त प्रश्न आहे, मी त्यांच्या जागी असतो तर विचारला असता. म्हटलं, चार मापांचे फोटो पाठवले आहेत, पाचवं तुमच्या माणसाला पाठवून घ्या, मी थांबतो. त्यांनी फोटो पाहिले. पंधरा मिनिटांनी फोन आला, विमान उभं करतोय.

मजा अशी की दीड-दोन महिने सगळे खाचेच्या मागे होते. मीही. रोज कुणीतरी विचारायचं, खाच काय म्हणतेय? ती काहीच म्हणत नव्हती. घार आली नसती तर मी ती कदाचित पुढच्या मुदतीलाही चकाकीत हरवली असती, आणि इंजिन उतरलं असतं तरी ते ३१ व्या पात्यापायीच.

५ ऑगस्ट

इंजिन उतरवलं. सव्वादोन टनांहून जास्त वजन चार साखळ्यांवर इंच इंच खाली येताना पाहायला मला अजून आवडतं. स्टँडवर बसवून, तोंडं झाकून, इंजिन दुरुस्तीच्या शॉपकडे रवाना. मी शॉपमधल्या ओळखीच्याला मेसेज केला: कॉम्प्रेसर उघडाल तेव्हा चौथ्या टप्प्याच्या त्या पात्याचा फोटो पाठव. कामाचा भाग नाही, माझ्यासाठी. इतक्या वर्षांत स्क्रीनवर पाहिलेली खाच मी कधी हातात धरलेली नाही.

नवं इंजिन त्याच रात्री चढलं. त्याच्या फाईलवर कुठलीही पट्टी नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

गौरी-गणपतीच्या विसर्जनाला घरी होतो. संध्याकाळी फोटो आला. निळ्या कापडावर एक पातं, करंगळीपेक्षा लहान, शेजारी मोजपट्टी. खाच तशीच, वरच्या ओठावर तो ओरखडाही. शॉपने सूक्ष्मदर्शकाखाली मोजली: ०.५६. माझ्या ०.५४ वर मी समाधानी आहे.

फोटो पोराला फॉरवर्ड केला. पाच मिनिटांत त्याचा फोन. त्याने फोटो मोठा करून पाहिला होता. पात्याच्या मुळाशी शॉपच्या माणसाने काळ्या मार्करने नंबर लिहिला होता.

‘सर,’ तो म्हणाला, ‘५२?’